कंपाउंडच्या आतली लाइन

"पत्रक वाचून आजवर कुणाचं ड्रेनेज मोकळं झालंय?" मामांनी विचारलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाद सुरू करण्याची त्यांची ही जुनी रीत.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बायको यंदा आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. सोसायटी कोथरूडची, १९८०च्या दशकातली, तीन मजली, बिनलिफ्टची. पाऊस सुरू झाला की तळमजल्यावर कुणाच्या तरी न्हाणीतून काळं पाणी उलटं यायला लागतं. ग्रुपवर फोटो पडतात, त्याखाली भांडणं होतात, मग कुणीतरी 'माणूस' बोलावतं, तो सळई मारून जातो आणि पुढच्या वर्षापर्यंत विषय मिटतो. यंदा लोकांना आधीच शहाणं करायचं असं हिनं ठरवलं होतं. पत्रकाला नाव दिलं होतं 'आपली ड्रेनेज लाइन, आपली जबाबदारी' आणि खाली चौदा सूचना.

"मामा, लोकांना खरंच माहीत नसतं हो," ती म्हणाली. "परवा दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, घरपट्टीत जलनिस्सारण लाभकर भरतो, सफाईपट्टी भरतो, मग लाइन तुंबली तर महापालिकेनं यायला नको? बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. त्यांना वाटतं, कमोडमागून पाइप निघाला की तो महापालिकेचा."

"त्यांना सगळं माहीत आहे," मामा म्हणाले. "माहीत नसल्याचं सोंग केलं की खर्च चार दिवस पुढे जातो. असे फोन आमच्याकडे रोज यायचे. आम्ही जायचो, रस्त्यालगतचं शेवटचं चेंबर उघडून दाखवायचो. रस्त्यातली लाइन वाहतेय, तुंबलंय ते कंपाउंडच्या आत, आतलं तुमचं. त्यावर ठरलेलं उत्तर मिळायचं, आता आलाच आहात तर करून टाका की."

"पण शेवटचं चेंबर उघडून बघायचं असतं, हे तरी कुणाला माहितीये? मलाच माहीत नव्हतं."

इथे मामांना थांबावं लागलं. मला वाटतं त्या दिवशी तिनं मिळवलेला हा पहिला गुण. कारण पुढचा अर्धा तास मामांनी जे सांगितलं ते तिच्या चौदा सूचनांत कुठेच नव्हतं, आणि आमच्या इमारतीतल्या एकाही घराला ठाऊक नसावं.

त्यांनी पत्रकाच्या पाठीमागे आमची इमारत काढली. मागच्या बाजूनं जाणारी सहा इंची लाइन, तिच्यावर थोड्या थोड्या अंतरावर चौकोन, म्हणजे चेंबरं. संडासाचा पाइप थेट चेंबरात उतरतो. मोरी आणि न्हाणीचं पाणी आधी भिंतीलगतच्या गली ट्रॅपमध्ये पडतं आणि तिथून चेंबरात येतं. ट्रॅपच्या वाकणात पाणी साचून राहतं म्हणून लाइनमधला वास घरात येत नाही. (गावाला जाऊन महिन्यानं परत आलं की बाथरूममध्ये जो भपकारा येतो तो न्हाणी ट्रॅपच्या अशाच वाकणातलं पाणी सुकल्यामुळे. तांब्याभर पाणी ओतलं की बंद होतो. आमच्याकडे यासाठी प्लंबर बोलावून पैसे दिल्याची उदाहरणं आहेत.) चेंबरच्या तळाशी अर्धी कापलेली नळी असते तशी नाली आणि तिच्या दोन्ही अंगांना सिमेंटचा उतार. झाकण उचलल्यावर नालीतून पाणी वाहताना दिसलं आणि उतार कोरडे असले तर लाइन ठीक आहे.

"आता तुंबलं," मामा म्हणाले. "लोक काय करतात? ज्याच्या घरात पाणी आलं त्याच्या न्हाणीत सळई घालतात. तिथे काही नसतंच. झाकणं उघडायची, आणि सुरुवात रस्त्याकडून करायची. शेवटचं चेंबर काठोकाठ भरलेलं असेल तर अडथळा पुढे आहे, रस्त्याकडे. तेव्हा महापालिकेला फोन करा, हक्कानं करा. शेवटचं रिकामं आणि त्याच्या मागचं भरलेलं असेल तर या दोघांच्या मधे अडकलंय, ते तुमचं. भरलेलं आणि रिकामं यांच्या मधे, एवढं एकच सूत्र. पाच मिनिटांत कळतं तुंबलंय कुठे आणि पैसे कुणाचे."

"हे पत्रकात घालते."

"घाल. बाकीचं काढून टाक."

बाकीचं म्हणजे काय काय? मोरीत तेल ओतू नका, चहाचा चोथा टाकू नका, संडासात सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स टाकू नका, ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून कचरा नेणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंकडे द्या, गली ट्रॅपमधला गाळ आठवड्याला काढा, अ‍ॅसिड ओतू नका, वगैरे. सगळं खरं. मामांनाही ते खरंच वाटतं. त्यांची तक्रार वेगळी होती.

"अगं, तिसऱ्या मजल्यावरची बाई दिवाळीत चकल्यांचं उरलेलं तेल मोरीत ओतते. तिच्या घरात काय होतं? काही नाही. तेल गरम असतं तोवर पळतं, खालच्या आडव्या लाइनीत गार होऊन बसतं. वर साबणाचा फेस येतो, खरकटं येतं, त्याचा थर चढतो. वर्षा-दोन वर्षांत सहा इंचाचा पाइप तीन इंचाचा होतो आणि मग पाणी उलटतं कुणाकडे, तर तळमजल्यावर. करणारी वर आणि भोगणारा खाली. तिला तू कितीही शिकव, तिच्या नाकाला कधी वास येणार आहे का? ज्याला भोगावं लागतं तो आधीच शहाणा असतो, आणि बाकीच्यांना शहाणं होण्यासाठी काही कारणच नसतं."

"म्हणजे माणसं वाईट असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"माणसं घाईत असतात. तेल गाळून बाटलीत भरायचं, ती बाटली कुठेतरी ठेवायची, द्यायची. ओतायला एक सेकंद लागतो."

तेलाच्या बाबतीत मामांचं म्हणणं जगात इतरत्रही खरं ठरलेलं आहे. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात चरबी आणि ओल्या वाइप्सचा २५० मीटर लांबीचा, सुमारे १३० टनांचा गोळा सापडला. त्याचा तुकडा पुढच्या वर्षी तिथल्या संग्रहालयात मांडला होता. लोक तिकडेही शिकलेलेच आहेत. वाइप्सच्या पाकिटावर फ्लशमध्ये टाकता येतात असं छापलेलं असलं की शिक्षण तिथेच संपतं.

पण तेलाची हकिगत सगळ्यांना थोडीफार ठाऊक असते. मामांनी त्याहून वाईट एक गोष्ट सांगितली आणि ती ऐकून ही गप्प झाली. फ्लॅटचं नूतनीकरण चालू असतं तेव्हा फरशीवाला दिवसभराची घमेली, थापी, सिमेंटचं कालवण, ग्राउटचं पाणी, सगळं बाथरूमच्या न्हाणी ट्रॅपमध्ये धुतो. दुसरीकडे कुठे धुणार? ते सिमेंट खाली लाइनमध्ये जाऊन मुरतं. चरबीचा थर जेटिंगच्या, म्हणजे जोरानं मारलेल्या, पाण्यानं फुटतो, सिमेंट फुटत नाही. तो तुकडा खोदून बदलावाच लागतो. आमच्या इमारतीत गेल्या दोन-तीन वर्षांत चार फ्लॅट नव्यानं झाले.

"याला काय पत्रक वाचायला देणार? फरशीवाल्याला?" मामांनी विचारलं. "याला उपाय एकच. नूतनीकरणाची परवानगी देताना सोसायटीनं अनामत ठेवून घ्यायची, आणि काम संपल्यावर चेंबर उघडून बघून परत द्यायची. नियम हवा. माहिती नको."

"पण मामा, नियम करायला कमिटीला आधी माहिती नको का?"

मामा हसले. मीही हसलो, पण बाजू घेतली नाही, घरी राहायचं असतं.

झाडांच्या मुळांच्या बाबतीत दोघांचं फारसं वाकडं नव्हतं. आमची जुनी लाइन स्टोनवेअरच्या पाइपांची आहे, दोन-दोन फुटांचे तुकडे, सांधे सिमेंटचे. सांधा चिरला की ओल झिरपते आणि मागच्या पिंपळाची केसासारखी मुळं त्या चिरेतून आत शिरतात. आत गेली की त्यांना बारा महिने खतपाणी. तिथे जटा वाढतात आणि त्यांत कागद, केस, सगळं अडकत जातं. यंत्रानं मुळं कापता येतात, पण सांधा तसाच राहिला की पुन्हा येतात. तेवढा भाग पीव्हीसीचा करणं हाच खरा उपाय. आणि आतली ओल बाहेर जाते तेव्हा ती कुठे जाते हाही प्रश्न आहेच. शेजारून पिण्याच्या पाण्याची जुनी लाइन जात असेल आणि तिलाही गळती असेल, तर पाणी बंद झालं की ती लाइन बाहेरचं ओढून घेते. आपल्याकडे पाणी दिवसातले काही तासच येतं. कावीळ आणि जुलाबाच्या साथींत महापालिकेचे लोक आधी अशीच ठिकाणं शोधतात.

मग विषय अ‍ॅसिडवर आला, आणि मामा इतक्या तडकाफडकी बोलले की मला ते लिहून ठेवावंसं वाटलं. "तुंबलं की लोक दुकानातून बाटली आणतात. त्यानं लाइन मोकळी होत नाही, सिमेंटचे सांधे खाल्ले जातात. आणि तिथेच कुणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असली तर क्लोरीन होतो. लहानशा बंद बाथरूममध्ये."

इंग्लंडचा मुद्दा मीच काढला. तिथे सरकारनं ठरवलं की २०११ च्या १ ऑक्टोबरपासून एकापेक्षा जास्त घरांची सामाईक खासगी लाइन, आणि घराच्या हद्दीबाहेरचा भाग, हे सगळं पाणी-मलनिस्सारण कंपन्यांचं. घरमालकाकडे राहिली फक्त त्याच्या हद्दीतली, त्याच्या एकट्याची लाइन. म्हणजे तिथे वर्षानुवर्षं लोकांना 'तुमची जबाबदारी' म्हणून सांगून झालं होतं, आणि शेवटी जबाबदारीच हलवली.

"बघ!" मामा म्हणाले. "जावईबापूंना कळलं."

"पण त्यांच्याकडे कंपनीला बिल भरतात," ही म्हणाली. "आपल्याकडे महापालिकेकडे रस्त्यातल्या लाइनी साफ करायला माणसं पुरत नाहीत, तुमच्याच तोंडून ऐकलंय. त्यांच्या गळ्यात आतली लाइन बांधली तर कुणाचीच होणार नाही."

"इंग्लंड सोड. वाईला जा."

वाईची गोष्ट मला ठाऊक नव्हती. वाई आणि सिन्नर या दोन नगरपालिकांच्या गावांत गटारांचं जाळं नाही, घरोघर सेप्टिक टाक्या आहेत. सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची असते, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य. प्रत्यक्षात घरमालक गाडी बोलावतो ती टाकी ओसंडून अंगणात आल्यावर, म्हणजे आठ वर्षांनी, दहा वर्षांनी, कधीच नाही. तोवर घट्ट गाळ वरपर्यंत येतो आणि पाण्याबरोबर बाहेर पडत राहतो, ओढ्यात किंवा नदीत. २०१८ पासून या दोन गावांनी उलटी पद्धत घेतली. गावाचे भाग पाडले आणि दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी उपसायची पाळी लावली. बोलावलं नसलं तरी गाडी दारात येते. पैसे स्वच्छता करातून जातात, गाळ प्रक्रिया केंद्रात जातो. त्या दिवशी घरमालकानं करायचं एवढंच, फाटक उघडायचं आणि झाकण दाखवायचं.

"यात लोकशिक्षण किती?" मामांनी विचारलं. "शून्य नाही म्हणत मी. गाडी येणार हे सांगावं लागलं, नकार देणाऱ्याला समजवावं लागलं. पण टाकी वेळेवर उपसली जाते ती पाळी लावली म्हणून. तुझ्या पत्रकात तेच लिही. दर वर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, जेटिंगची गाडी येणार, सगळी चेंबरं उघडणार, खर्च मेंटेनन्समधून. तारीख ठरली, पैसे ठरले, वर्षभराचा विषय संपला."

मला हे पटलं. आपल्या इमारतीच्या बाबतीत तरी मामांचंच बरोबर आहे असं मी म्हणायच्या बेतात होतो. पण तिनं मागच्या वर्षीची फाइल उघडून एक कागद पुढे केला. आधीच्या कमिटीनं एका ठेकेदाराला असंच वार्षिक काम दिलं होतं. बिलात एक ओळ होती, 'चेंबर आत उतरून साफ'. खाली सही, शिक्का आणि कमिटीची मंजुरी.

"तारीख ठरली होती मामा. पैसेही ठरले होते. आणि कमिटीतल्या एकालाही माहीत नव्हतं की हा गुन्हा आहे."

मामा बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले.

ही ओळ किती घरांच्या फाइलींत असेल! २०१३ च्या कायद्यानं गटारात किंवा सेप्टिक टाकीत जीव धोक्यात घालणाऱ्या साफसफाईसाठी माणूस कामाला लावायला बंदी आहे. बंदी महापालिकेला आहे, ठेकेदाराला आहे आणि कुणाही व्यक्तीला आहे, म्हणजे बंगलेवाल्यालाही आणि सोसायटीच्या सेक्रेटरीलाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा पाच वर्षांपर्यंत, पाच लाखांपर्यंत, किंवा दोन्ही. कायदा झाल्यावरही माणसं मरतच राहिली. २०१९ च्या डिसेंबरात मुंबईत गोवंडीला एका खासगी सोसायटीची टाकी साफ करताना तीन कामगार गेले. त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा २०२१ साली दहा-दहा लाखांच्या भरपाईचा आदेश झाला. २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं गटारातल्या मृत्यूची भरपाई तीस लाख केली.

आत नेमकं काय होतं ते मामांनी सांगितलं, आणि आवाज न चढवता सांगितलं. बंद चेंबरात, टाकीत मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड होतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं आता हवा मोकळी झाली. तो उतरतो. दोन-चार श्वासांत पाय जातात. वरचा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. म्हणून या बातम्यांत एकटा माणूस क्वचित असतो, दोघे असतात, तिघे असतात. "पूर्वी आम्ही झाकण उघडं ठेवून कंदील सोडायचो. विझला तर उतरायचं नाही. मिथेन असला तर तोच कंदील भडका उडवतो, हे कुणी सांगितलं नव्हतं आम्हाला." थोडं थांबून म्हणाले, "माझ्या हाताखाली उतरलेली माणसं आहेत. तेव्हा तसंच चालायचं."

यावर हिनं काही म्हटलं नाही. म्हणण्यासारखं नव्हतंही.

मग मामांनीच पत्रक पुढे ओढलं. चौदा सूचनांवर काट मारली, पण पहिली ओळ स्वतःच्या हातानं लिहिली: चेंबरमध्ये किंवा टाकीत कुणीही उतरणार नाही, यंत्रानं होत नसेल तर खोदून करायचं, ठेकेदार माणूस उतरवायला लागला तर काम थांबवायचं. त्याखाली तो नकाशा, चेंबरांना आकडे देऊन. त्याखाली भरलेल्या-रिकाम्याचं सूत्र. मग मे महिन्याची तारीख आणि नूतनीकरणाची अनामत.

"आणि तेल?" तिनं विचारलं.

"तेलाचं राहू दे. वाचणारा वाचेल."

"आणि गच्चीचं पाणी?"

हा मुद्दा मामांकडून सुटला होता, आणि तिला त्याचा आनंद लपवता आला नाही. आपल्याकडे मैल्याची लाइन वेगळी आणि पावसाळी गटार वेगळं. पण गच्चीचा पाइप जवळच्या ड्रेनेज चेंबरात सोडून देणं बिल्डरला सोयीचं असतं. घरातल्या वापरापुरत्या आखलेल्या सहा इंची लाइनमध्ये अख्ख्या गच्चीचा पाऊस उतरला की ती फुगणारच. दर जूनमध्ये, पाऊस आल्यावरच, तळमजल्यावर उलटं का येतं याचं उत्तर बहुधा तेलात नाही, इथे आहे. मामा म्हणाले, तपासणं सोपं आहे, रंगपंचमीचा उरलेला रंग बादलीभर पाण्यात कालवून गच्चीवरच्या पन्हाळीत ओता आणि खाली झाकण उघडून उभे राहा.

"रविवारी करू," ती म्हणाली. "पण शेवटचं चेंबर सापडत नाहीये. गेल्या दिवाळीत पार्किंगमध्ये पेव्हिंग ब्लॉक बसवले ना, तेव्हा गाडलं गेलं. नकाशावरून ते अध्यक्षांच्या गाडीखाली येतंय."

"मग ब्लॉक उचलायचे."

"ब्लॉक त्यांनी स्वतःच्या पैशानं बसवलेत. ते म्हणतात चेंबर तिथे नाहीच."

"पहार आहे का घरात?" मामांनी विचारलं आणि चष्मा लावला. "आणि त्यांना सांग, शनिवारी रात्री गाडी बाहेर लावा."

ही फोन घेऊन बाल्कनीत गेली. अध्यक्ष ऐकतील असं मला वाटत नव्हतं, म्हणून मी पहार शोधायला गेलो नाही.